हलग्यात भोंगा वाजला, जोयड्यात काय करायचं? पोरांचा मोबाईल आणि वाडीवरचा खेळ

जोयडा : बेळगावला लागून असलेल्या हलगा गावात डिसेंबर २०२५ मध्ये एक नवा नियम आला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजणार, घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद होणार आणि नऊ वाजेपर्यंत ते बंदच राहणार. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी त्यांच्याजवळ बसायचं. सांगली जिल्ह्यातल्या अग्रण धुळगावचं बघून हलग्यानं हे उचललं. सीमाभागात ही बातमी जवळपास सगळ्यांनी मोबाईलवरच वाचली, तो भाग वेगळा.

आपल्याकडेही असं व्हायला पाहिजे, असं ही बातमी वाचून बऱ्याच आईबापांच्या मनात आलं असेल. दाट वस्तीच्या गावात ते जमण्यासारखं आहेही. पण उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात भोंगा लावायचा म्हटलं तर लावणार कुठं? क्षेत्रफळानं हा जिल्ह्यातला सगळ्यात मोठा तालुका, आणि माणसं सगळी मिळून अर्ध्या लाखाच्या आसपास. रामनगर, जगलबेट, कुंभारवाडा अशी मोजकी मोठी गावं सोडली तर बाकीची वस्ती रानात विखुरलेली. एका वाडीत सात घरं, पुढच्या वाडीत चार, मधे ओढा आणि झाडी. देवळावर भोंगा लावला तर तो माणसांपेक्षा माकडांनाच जास्त ऐकू जायचा.

मोबाईल मात्र या वाड्यांवर पोचलाय. काही ठिकाणी रेंज मिळायला टेकाडावर चढावं लागतं, तरी पोचलाय. त्यामुळे हलग्याचा प्रश्न तोच जोयड्याचाही आहे, उत्तर मात्र इथं वेगळं शोधावं लागतं. त्यासाठी आधी भोंगा वाजल्यावर गावात नेमकं काय घडतं ते समजून घेतलेलं बरं.

भोंग्यात जादू नाही

या सगळ्याची सुरुवात सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं केली. साल २०२२. कोरोनात शाळा बंद होत्या, अभ्यास मोबाईलवर होता. शाळा सुरू झाल्या तरी पोरांच्या हातातला मोबाईल काही सुटेना. शाळेतून आलं की फोन, नाहीतर टीव्ही. १४ ऑगस्टला गावातल्या बायकांची सभा बोलावली गेली आणि स्वातंत्र्यदिनापासून भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा रोज सातला वाजू लागला. दीड तासानं, साडेआठला तो पुन्हा वाजायचा, म्हणजे बंदी उठली. सुरुवातीला लोक हसले. मग पंचायतीची माणसं, अंगणवाडीच्या सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, तेव्हा कुठं घडी बसली.

सभा बायकांची होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. सातची वेळ म्हणजे मालिकांची वेळ. पोरांचा मोबाईल बंद करायचा तर आईला मालिका सोडावी लागणार आणि बाबांना व्हॉट्सअॅप, हे तिथं आधीच ठरलं होतं. भोंगा पोरांसाठी वाजला असं आपण म्हणतो खरं, पण तो पहिल्यांदा मोठ्यांसाठी वाजला.

दुसरं म्हणजे, सगळ्या गावाचा फोन एकाच वेळी बंद झाला. एकट्या पोराच्या हातातून फोन काढून घेतला तर त्याला ती शिक्षा वाटते. शेजारच्या घरात तो चालू असतो, तिथला आवाज येत असतो. सगळ्यांचाच बंद असला की पोरगं दारात येऊन उभं राहतं आणि समोरच्या दारात दुसरं उभं असतं. तिथून पुढं काय करायचं ते त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

या गावांनी मोकळा केलेला वेळ मुख्यतः अभ्यासाला दिला, ही गोष्ट थोडी खटकते. दहावीच्या पोरासाठी ते ठीक आहे. पण पाच-सहा वर्षांच्या पोराला मोबाईल ठेवून पुस्तक घे म्हटलं तर त्याच्या दृष्टीनं एक गोड गोष्ट गेली आणि एक कडू आली. त्या वयात मोबाईलची जागा घेऊ शकेल असा एकच तगडा गडी आहे, तो म्हणजे खेळ.

'बाहेर जाऊन खेळ' असं म्हणणार कसं?

शहरातल्या तज्ज्ञांचा सल्ला ठरलेला असतो : मुलांना निसर्गात न्या. जोयड्यात निसर्ग अंगणातच आहे, आणि अडचणही तीच आहे. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पात आणि त्याच्या आसपास येतो. दिवस मावळल्यावर अस्वल वाडीजवळ फिरकतं, बिबट्याची भीती असते. पावसाळ्यात चार महिने अंगणात पाय ठेवायची सोय नाही, आणि वीजही कधी जाईल सांगता येत नाही. शिवाय खेळायचं कुणाबरोबर? चार घरांच्या वाडीत एकाच वयाची दोन पोरं मिळाली तरी नशीब. सरकारी शाळांचे पट कमी होत चाललेत, त्यामुळे शाळेतही संगत थोडकीच.

घरात कोण असतं ते बघा. बरेच बाप कामासाठी गोव्यात. अनमोड घाट उतरला की पलीकडे हॉटेलं, कारखाने, बांधकामं आहेत, तिथं महिना-महिना राहायचं आणि सणाला यायचं. आई शेतात, बागेत, मग चुलीपाशी. आजी गुरांच्या मागं. चार वर्षांचं पोर चुलीच्या आजूबाजूला घुटमळत असेल तर त्याच्या हातात फोन देणं हा त्या बाईचा आळस नव्हे. हात भाजू नये, विहिरीकडे जाऊ नये म्हणून तिनं शोधलेला तो राखणदार आहे. "गप बसतंय ओ, म्हणून देतो," असं कुणी म्हणालं तर त्यात खोटं काही नसतं.

म्हणूनच मोबाईल वाईट, काढून घ्या, एवढं सांगून भागत नाही. फोन काढल्यावर पोराला बघणार कोण, हे ज्या घरात ठरत नाही तिथं तिसऱ्या दिवशी फोन परत पोराच्या हातात असतो.

फोननं इथं उपकारही केलेत. लॉकडाऊनमध्ये उत्तर कन्नडातली पोरं रेंजसाठी डोंगर चढून, झाडाखाली बसून तास ऐकत होती. त्या वेळी शाळेनंच फोन हातात दिला होता. गोव्यातला बाबा रोज रात्री पोरांना दिसतो तोही फोनमुळेच.

डॉक्टर किती वेळ सांगतात?

यावर आकडे ठरलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, एक वर्षाच्या मुलालाही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी तेवढं चांगलं. त्याच सूचनांत दुसरा आकडा आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. एक ते चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं, म्हणजे तीन तास, अंग हलवलं पाहिजे.

भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, आपल्याकडच्या मुलांसाठी जवळपास हेच ठरवलं आहे. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको. दोन ते पाच वर्षांना जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस जवळ असताना. पाच ते दहा वर्षांना दोन तासांच्या आत. घरच्या माणसांशी अधूनमधून व्हिडिओ कॉलवर बोललं तर तेवढी सूट आहे. गोव्यातल्या बाबांचा फोन या हिशेबात धरायचं कारण नाही.

पण घड्याळ लावून मिनिटं मोजणं फार थोड्या घरांत जमतं. त्यापेक्षा एक सोपा हिशेब डॉक्टरांच्या सूचनांतच लपलाय : स्क्रीननं दुसऱ्या कशाची जागा घेता कामा नये. झोप, बाहेरचं खेळणं, माणसांशी बोलणं, अभ्यास. पोरगं रात्री वेळेवर झोपतं का? जेवताना फोनशिवाय जेवतं का? पाहुणे आले तर मान वर करून बघतं का? याची उत्तरं हो असतील तर दहा मिनिटं जास्त झाली म्हणून घरात महाभारत नको. नाही असतील तर अर्धा तासही जास्तच आहे.

जेवणाचं वेगळं सांगायला हवं, कारण ही सवय सगळ्यात लवकर लागते. फोन समोर ठेवला की पोर तोंड उघडतं, चार घास पटापट जातात, आईला बरं वाटतं. पण त्या पोराला भूक किती होती आणि पोट कधी भरलं, याचा पत्ता लागत नाही. भात पेजेचा होता की आमटीचा, तेही कळत नाही.

मोठ्या पोरांचं चित्र 'असर' या ग्रामीण भागातल्या पाहणीत दिसतं. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता. त्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला असं ५७ टक्क्यांनी सांगितलं आणि सोशल मीडियासाठी वापरला असं ७६ टक्क्यांनी. 'अभ्यासाला लागतो' म्हणून आलेला फोन घरात काय करतो, ते या दोन आकड्यांत आलं.

रील संपत नाही

टीव्हीला निदान शेवट होता. सिनेमा संपायचा, मालिकेत 'क्रमशः' यायचं, वीज जायची. विटीदांडू अंधार पडला की संपायचा. रीलला शेवटच नाही. एक बघून झालं की बोट न लावताही पुढचं येतं, आणि ते काय असणार ते आधी माहीत नसतं. पुढचं कदाचित भारी असेल या आशेवर माणूस खालीच बसतो. जत्रेतल्या सोडतीसारखंच हे आहे. फरक एवढाच की सोडतीला दरवेळी खिशात हात घालावा लागतो आणि इथं फक्त अंगठा हलवायचा. चाळीस वर्षांच्या माणसाला जिथं थांबता येत नाही तिथं सहा वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा करायची?

म्हणून 'आता पुरे' म्हणून फोन ओढून घेतला की पोरगं जमिनीवर लोळण घेतं. ते हट्टी असतं म्हणूनच असं नव्हे. मधेच तुटल्याची ती चीड असते. त्यापेक्षा सुरू करतानाच शेवट ठरवलेला चांगला. 'दोन गोष्टी बघायच्या आणि फोन कोनाड्यात ठेवायचा.' पूर्ण लांबीची गोष्ट, सिनेमाचा अर्धा भाग, जे काही असेल ते, पण ज्याला शेवट आहे असं. लहान पोरांना रील देऊच नये, एवढं एक पाळलं तरी बरीच भांडणं मिटतात.

ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली. तिथं पाळायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, आईबापांवर नाही. आपल्याकडे असा कायदा येईल तेव्हा येईल. जोयड्यात ती जबाबदारी तूर्त चुलीपाशी बसलेल्या आईवरच आहे.

कुठल्या भाषेत बोलणार?

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जोयड्यातल्या कुणबी घरात कोंकणी, शेजारी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात तिन्ही. त्यात मोबाईल आला आणि त्यानं हिंदी आणली. कार्टून हिंदी, गाणी हिंदी, गेम खेळून दाखवणारा दादाही हिंदीतच ओरडतो. 'आमचं बाळ आता हिंदी बोलतंय' याचं कौतुक होतं, आणि नवीन भाषा येण्यात वाईट काहीच नाही. सीमाभागातल्या माणसाला चार भाषा ओझं वाटत नाहीत.

पण दोन-तीन वर्षांचं पोर बोलायला शिकतं ते उत्तर मिळालं म्हणून. ते काहीतरी अर्धंमुर्धं बोलतं, आजी ते पुरं करून परत देते, ते पुन्हा बोलतं. चेंडू टाकून झेलल्यासारखं. स्क्रीन चेंडू टाकते, पण झेलत नाही. म्हणून तासन्‌तास हिंदी ऐकूनही पोर ठरावीक वाक्यंच म्हणतं आणि घरच्या भाषेतले शब्द मागं राहतात. रानातल्या पाल्याची नावं, पावसाची नावं, मुडलीसारख्या कंदांची नावं. जोयड्यात हिवाळ्यात कंदमुळांचा मेळा भरतो, लांबून लोक बघायला येतात. त्या कंदांची नावं घरातल्याच पोराला सांगता आली नाहीत, तर ती आजीबरोबर जायची.

वकट, लेंड, मूंड, नाल

खेळाचं म्हणाल तर सीमाभागासारखं गाठोडं कुणाकडे नाही. विटीदांडूत विटी किती लांब गेली ते मोजताना मराठी पोरं पिढ्यानुपिढ्या वकट, लेंड, मूंड, नाल असं म्हणत आली. हे आकडे मराठी नव्हेत. तेलुगूत एकला ओकटि, दोनला रेंडु, तीनला मूडु म्हणतात आणि कन्नडमध्ये चारला नाल्कु. सीमेचा वाद सुरू व्हायच्या कितीतरी आधी या भाषा पोरांच्या खेळात एकत्र खेळून गेल्या.

विटीदांडूत पोरगं काय शिकतं ते बघा. विटी झेलली की नाही यावर वाद होतो. पंच नसतो. दोन्ही बाजूंना बोलूनच मिटवावं लागतं, नाहीतर खेळ थांबतो. चिडून घरी गेलेला दुसऱ्या दिवशी परत येतो, कारण एकट्याला विटीदांडू येत नाही. मोबाईलवरच्या गेममध्ये हरलं की बटण दाबून नवा डाव. तिथं कुणाची समजूत काढावी लागत नाही.

भातुकली तर त्याहून मोठी गोष्ट. पान म्हणजे पोळी, करवंटी म्हणजे पातेलं, माती म्हणजे भात. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी धरायची, हे डोक्याचं फार मोठं काम आहे. पुढं अक्षर म्हणजे आवाज आणि आकडा म्हणजे संख्या हे समजायचं ते याच रस्त्यानं. भातुकलीत पोरी आईसारखं बोलतात, बाबांसारखं रागावतात, डॉक्टरसारखी सुई टोचतात. दिवसभरात जे बघितलं ते त्या पुन्हा करून बघतात आणि समजून घेतात. पोरगेही खेळले तर चांगलंच. भात शिजवायला त्यांनाही पुढं लागणारच आहे.

यासाठी बाजारातून काही आणावं लागत नाही, आणि हे सांगणारी परंपरा मराठीतच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आजूबाजूला वारली आदिवासींचे पाडे. माँटेसरीची महागडी साधनं तिथं कुठून आणणार? त्यांनी गोटे, बिया, पानं, शंख-शिंपले, काड्या हीच साधनं केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली, आणि गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणात. आज गावोगाव असलेल्या अंगणवाडीची कल्पना तिथली. रानातल्या वाडीवर खेळाचं सामान कमी पडतं असं कुणी म्हणालं तर त्याला कोसबाड दाखवावं.

जोयड्यातल्या घरात नुसती नजर फिरवली तरी पुरे. बांबूचे तुकडे, चिंचोके, सागरगोटे, करवंट्या, ओढ्यातले गुळगुळीत दगड, जुन्या चपलेची चाकं करून ओढायची गाडी. सुपारीचं गळलेलं झावळ असलं तर एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं ओढत न्यायचं, अंगणभर. पावसाळ्यासाठी यातलं कोरडं सामान एका जुन्या पेटीत भरून पडवीत ठेवलं तर चार महिन्यांची सोय होते. पेटी मात्र पोराच्या हाताला लागेल अशी पाहिजे. माळ्यावर ठेवलेली पेटी आणि हाताशी ठेवलेला फोन यात फोनच जिंकणार.

पहिला आठवडा

फोन कमी केला की पहिले तीन-चार दिवस जड जातात. पोरगं रडतं, पाठीमागं लागतं, 'कंटाळा आलाय' म्हणतं. इथं बहुतेक आया हार मानतात. कंटाळ्याला घाबरायचं कारण नाही. कंटाळलेलं पोर पंधरा-वीस मिनिटं घुटमळतं आणि मग काहीतरी उचलतं. ते काय उचलेल ते आपण ठरवायचं नाही. 'हे कर, ते कर' म्हणून मागं लागलं की तो खेळ राहत नाही, शाळा होते.

मोठ्या माणसानं शेजारी बसून खेळलंच पाहिजे असंही नाही. चुलीपाशी आई भाकरी थापत असेल तर पोराला पिठाचा गोळा द्यावा. वाल सोलायचे असतील तर थोडे त्याच्या पुढ्यात टाकावेत. काम अर्धवट होईल, पसारा होईल, पण दोघांचं बोलणं चालू राहील. पोरांना खोट्या खेळण्यापेक्षा खऱ्या कामात शिरायला जास्त आवडतं, हे घरोघरी दिसतं.

भोंग्याचं काम घरात एक कोनाडा करू शकतो. दिवेलागणीला घरातले सगळे फोन तिथं, सगळे म्हणजे काकांचासुद्धा. रात्री गोव्याहून फोन यायचा असेल तर आवाज चालू ठेवावा. वाजला की घ्यावा, बोलून झालं की परत कोनाड्यात. आणि हे एकट्या घरानं करण्यापेक्षा वाडीतल्या दोन-तीन घरांनी मिळून केलं तर वडगावात जे झालं ते इथं थोड्या प्रमाणात होतं. संध्याकाळी अंधार व्हायच्या आधीचा एक तास, एका घराच्या अंगणात सगळी पोरं आणि एक मोठं माणूस. आज या घरची आजी, उद्या त्या घरची काकी. रानाची भीती असली तरी अशी राखण जमते. बाकीच्या आयांना तेवढा वेळ मोकळा मिळतो, जो आत्ता फोन मिळवून देतोय.

फोनचा उपयोग करायचा तर

फोन घरात आहेच, तर त्याच्याकडून खेळाचं काम करून घेता येतं. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांचे त्यांचे सांगाडे देशभर गेले. या कामासाठी २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती फुकट आहेत, मराठी पुस्तकंही आहेत. जिथं रेंज आहे तिथं एक व्हिडिओ उतरवून घ्यायचा, घरी दहा मिनिटं बघायचा आणि पुढचा तासभर ते खेळणं करत बसायचं. अशा दहा मिनिटांचा हिशेब ठेवायची गरज नाही.

बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी, कन्नड आणि कोंकणी तिन्ही भाषांत चित्रगोष्टी आहेत. आईनं मराठीत वाचायची, पोरानं तीच कन्नडमध्ये वाचून दाखवायची, असा डाव जोयड्यात सहज रंगेल.

पंचायतीकडे मागता येतं

सगळं घरावर टाकूनही चालणार नाही. कर्नाटकात गावची वाचनालयं आता ग्रामपंचायतीकडे आहेत, 'अरिवु केंद्र' या नावानं. २०२० मध्ये सुरू झालेल्या 'ओदुव बेळकु' योजनेत सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना त्यांचं सभासदत्व फुकट मिळतं. तिथं मराठी पुस्तकं नसतील तर मागायला हरकत कसली? सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान उघडं ठेवणं, वाडीच्या अंगणात एक दिवा, पावसात खेळायला चार खांबांवर एक छप्पर, या काही कोटींच्या गोष्टी नाहीत.

या मागण्या पोरांना स्वतःलाही करता येतात. कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींनी वर्षातून एकदा 'मक्कळ ग्रामसभा', म्हणजे मुलांची ग्रामसभा, घ्यायची असते. शाळेतली पोरं तिथं उभी राहून सांगतात, अध्यक्ष आणि अधिकारी समोर बसून ऐकतात. आपल्या पंचायतीची सभा कधी आहे ते शाळेत विचारावं. पोरांनी छप्पर मागितलं तर ती मागणी सभेच्या वहीत लिहिली गेली का, एवढं मोठ्यांनी तिथंच थांबून बघावं.